झुलालच्या ट्रकातला चोर

लोटनने सेल्फ मारला, आणि लष्कराच्या लिलावातला तो म्हातारा ट्रक एकदा कण्हून गप्प झाला. कापसाचा हंगाम सुरू होऊन ट्रक बाहेर काढल्यापासून सलग चौथी सकाळ. मागे निम्म्या सोनगीरचा कापूस लादलेला, आणि धुळ्याच्या सरकी काढायच्या जिनात वेळेवर पोचायचं होतं. हँडल मारून मारून लोटनचं मनगट सुजलं होतं. कापूसवाल्यांनीच ट्रक ढकलून सुरू करून दिला. पण आणखी एकदा उशीर झाला तर माल गावातल्या दुसऱ्या ट्रकवाल्या तोतारामच्या ट्रकात भरू, असंही त्यांनी शांतपणे सांगितलं.

ट्रक मुळात थोरल्या भावाचा, झुलालचा. पावसाळ्यात तो तापाने गेला आणि लोटनच्या वाट्याला ट्रक आला, घर आलं, आणि तेव्हापासून तोंडातून शब्द न काढणारी आई आली. निदान ट्रकाने तरी अबोला धरू नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

धुळ्याहून येताना त्याने चिंधा मिस्तरीला सोबत आणलं. चिंधाने दुपारभर तारा तपासल्या. बॅटरी चांगली, डायनामो चांगला, विजेची गळती कुठेच नाही. मग हे तोतारामचंच काम, असं लोटनने ठरवून टाकलं, आणि ट्रकावर राखणीला कोणाचं कुत्रं मिळेल याची चौकशीही केली. दिवसा सापडत नाही तर दिवेलागणीपर्यंत थांबतो, चिंधा म्हणाला. तोवर भाकरीही होईल.

दिवेलागणीला त्याने बॅटरीची तार सोडली आणि पुन्हा नुसती टेकवून पाहिली. बारीक ठिणगी उडाली.

"बठ्ठं बंद शे, तरी कोनी तरी खाई ऱ्हायना," तो म्हणाला. बॅटरी चोरून खाणारं कोणीतरी ट्रकातच होतं. त्याने तार बाजूला धरली.

तेवढ्यात ओसरीवरून लोटनची आई, तानुबाई, तरातरा आली. तीन महिन्यांत प्रथमच तिचा आवाज ऐकू आला.

"दिवा कोनी मालवा?"

ओसरीवरून केबिनच्या मागच्या फटीतला उजेड दिसायचा; तिची नजर तिकडेच गेली, तसं लोटनने सीटमागचं गोणपाट उचललं. मागे झुलालचा फोटो, आणि फोटोवर एक इवलासा बल्ब. बल्ब झुलालनेच बसवलेला. परगावच्या बाजारात ट्रकातच झोपायचा तेव्हा लागायचा. ज्या झुलालला सगळं गाव वाघ म्हणायचं, त्याची ही गोष्ट फक्त आईला माहीत होती. ती रोज संध्याकाळी दिवा लावायची आणि उजाडायच्या आत बंद करायची.

"त्याले अंधारामा झोप नही येस," ती म्हणाली.

चिंधाने बल्बची तार कापायला पक्कड काढली. लोटनने त्याच्या हातातून पक्कड घेतली, आणि बॅटरीची तार होती तशी जोडायला लावली. गळती सापडूनही ती जोडून देणारा आपण पहिलाच मिस्तरी असू, असं पुटपुटत चिंधा भाकरी खायला गेला.

तेव्हापासून लोटन ट्रक सोनगीरच्या किल्ल्याच्या उतारावर, तोंड खाली करून, चाकाला दगड लावून उभा करू लागला. सकाळी दगड काढला की ट्रक गडगडत निघे आणि गिअर टाकताच सुरू होई. कापूस जिनात वेळेच्या आधी पोचू लागला. लोटनच्या हुशारीचं गावात फार कौतुक झालं.

फक्त तो उतार आईच्या गुडघ्यांना झेपेना. म्हणून रोज संध्याकाळी बॅटरी संपवायला लोटन स्वतःच वर जाई.