कागद उलटा धरणाऱ्या बाई

गेल्या एकोणीस वर्षांत मी विद्यार्थ्यांच्या एकाही कामातलं एक अक्षरसुद्धा वाचलेलं नाही, आणि हे मी छाती पुढे काढून सांगते!

दचकू नका. मी मोन्तेविदेओतल्या एका कॉलेजात मजकुराची मांडणी शिकवते. दोन अक्षरांत जागा किती सोडायची, ओळीखाली ओळ केवढ्या अंतरावर घ्यायची, कागदावर काय शोभतं आणि मोबाइलच्या पडद्यावर काय. माझी तपासण्याची पद्धत सगळ्या कॉलेजात प्रसिद्ध आहे. काम हातात आलं की ते सरळ उलटं धरायचं. डोकं खाली, पाय वर! मजकूर वाचता आला की माणूस अर्थात गुंततो, आणि मग जागा बघायची राहून जाते. उलट्या कागदापुढे कोणाची लबाडी चालत नाही. विद्यार्थी हल्ली सगळं पडद्यावर करतात, तर मी लॅपटॉपच उचलून उलटा धरते. आजवर फक्त दोन पडलेत.

माझा दुसरा नियम, भरताड चालणार नाही. जागा भरायला तयार लॅटिन मजकूर मिळतो, अर्थ ना बिर्थ. तो माझ्या वर्गात बंद! "खरा मजकूर लिहा! खरं नाव, खरी तारीख, खरी जागा!" असं मी दरवर्षी टेबलावर हात आपटून सांगते. तो मजकूर काय आहे ते मी बघत नाही, हा भाग वेगळा.

माझ्या कारकिर्दीत विद्यार्थ्यांकडून आलेलं सर्वांत देखणं काम आमच्या जेवणाच्या टेबलासमोर फ्रेम करून लावलंय. अकरा वर्षं झाली. नुसत्या चार ओळी, पण काय त्यांच्यातली हवा! अर्थातच उलटं लावलंय. माझा नवरा एबेर, तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस, जेवताना मान वाकडी करून त्याच्याकडे बघतो आणि गालातल्या गालात हसतो. माझ्या सहवासानं त्यालाही दृष्टी आली, असं मी समजत होते.

तर या सत्राचं शेवटचं काम होतं आमंत्रणपत्रिका. एक कागदावर, एक मोबाइलसाठी. नोएलिया पिंतोस नावाची मुलगी आहे, वर्षभर तोंडातून शब्द नाही. तिनं लॅपटॉप पुढे केला, मी उलटा धरला, आणि अंगावर काटा आला! अशी मोकळी, अशी शहाणी मांडणी! बारापैकी बारा दिले. एकोणीस वर्षांत दुसऱ्यांदा! आणि त्याच झपाट्यात पत्रिका शिक्षकांच्या ग्रुपवर पाठवून दिली. खाली लिहिलं, "बघा! सगळ्यांनी नीट बघा!"

दोन मिनिटांत बदामांचा नि रडक्या चेहऱ्यांचा पूर आला. आमचे विभागप्रमुख ओलेगारिओ, जे पगाराच्या प्रश्नालासुद्धा उत्तर देत नाहीत, त्यांनी लिहिलं, "मिर्ताबाई, शब्दच नाहीत."

"बघितलंस?" मी एबेरला म्हणाले. "शेवटी यांना अक्षरांमधली जागा कळली!"

"काय लिहिलंय त्या पत्रिकेत?"

"ते कशाला हवंय तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पाल चुकचुकली. दारातच आमचा शिपाई वॉशिंग्टन, ज्याच्याशी मी किल्लीवरून रोज भांडते, त्यानं मला मिठी मारली!

"बाई, आता सकाळी मी भांडू कोणाशी?"

"का? तू कुठं चाललास?"

तो डोळे पुसत आत गेला. मी वर आले, तर चौदा नंबरच्या खोलीत माझी सहायक नादिया टेप घेऊन माझं कपाट मोजत होती. माझं! कपाट!

"काय चाललंय?"

"काही नाही बाई!" ती एवढी दचकली की टेप सर्रकन आत गेला. "माझ्या कुंड्या मावतील का, सहज बघत होते. तुम्ही वाईट नाही ना वाटून घेणार?"

वाईट? मी शंभर टक्के वाटून घेतलं.

अकरा वाजता ओलेगारिओंनी बोलावलं. बगलेत थर्मॉस होताच, त्यांनी माते नावाच्या आमच्या कडू चहाचा तुंबा भरून माझ्यापुढे केला. मग स्वतः प्यायले, आणि तुंबा खाली ठेवून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "धन्यवाद, मिर्ताबाई. सगळ्यासाठी."

मी गारच पडले. आमच्याकडे माते पिताना धन्यवाद म्हणणं म्हणजे बास, आता पुरे, पुढचा नको. हा माणूस मला पुरे म्हणत होता!

मग त्यांनी एक कागद सरकवला. "फुरसतीत नजर टाका. घाई नाही."

मी कागद उलटा केला. देवा रे! सरकारी फॉन्ट, ओळी एकमेकींच्या उरावर बसलेल्या! पाच ठिकाणी लाल गोल काढले आणि सवयीप्रमाणे खालच्या कोपऱ्यात सही ठोकली.

"एवढ्या लगेच?" ते चकित झाले.

"मला वेळ लागत नाही!" मी म्हणाले आणि ताठ मानेनं बाहेर पडले.

घरी येऊन मी एबेरपुढे सगळे पुरावे मांडले. मिठी, टेप, धन्यवाद! कुठंतरी पाणी मुरत होतं. ओलेगारिओंची एक भाची नुकतीच बार्सेलोनाहून शिकून आली होती. त्यांना माझी खोली तिला द्यायची होती, दुसरं काय! माझी नोकरीची अजून चार वर्षं होती. चौदा नंबरची खोली, ते खिडकीतलं ऊन, ती लॅपटॉप छातीशी धरून बसणारी मुलं, त्यांच्याशिवाय मी घरी बसून काय करू? एबेरबरोबर बसचे नंबर मोजू?

"सरळ विचार ना त्यांना," एबेर म्हणाला.

"विचारलं तर त्यांना कळेल ना, की मला कळलंय!"

एबेरनं मान वाकडी करून फ्रेमकडे बघितलं आणि हसला. मला त्याचाही संशय आला.

पुढचे दोन दिवस मी कपाटाला कुलूप लावून किल्ली मोज्यात ठेवली. कोणी गोड बोललं की मी दोन पावलं मागे सरकायची. आणि त्या आठवड्यात सगळेच गोड बोलत होते!

शुक्रवारी संध्याकाळी सहाला वॉशिंग्टन आला. "चला बाई, वेळ झाली."

त्यानं मला मोठ्या सभागृहात नेलं. आत साठ-सत्तर माणसं! जुने विद्यार्थी, गुच्छ, आणि मधोमध पीचचा केवढा थोरला केक. त्यावर क्रीमनं लिहिलं होतं, "धन्यवाद मिर्ता". मि आणि र्ता यांच्यात ढेकूण शिरणार नाही अशी दाटी! माझा तोल गेला.

"मला हाकलायचं आणि वर केक कापायला लावायचा?" मी ओरडले. "ओलेगारिओ, भाचीला नोकरी लावायची तर सरळ सांगायचं होतंत! मी जिवंत असेपर्यंत चौदा नंबर सोडणार नाही!"

ओलेगारिओंच्या हातातला चमचा तसाच राहिला. "हाकलतंय कोण? आणि भाची दाताची डॉक्टर आहे! बाई, आमंत्रण तुम्हीच पाठवलंत ना आम्हाला?"

"मी?"

त्यांनी टॅब पुढे केला. नोएलियाची पत्रिका! मी सवयीनं टॅब उलटा केला, तर मजकूर आपोआप सरळ झाला. पुन्हा फिरवला, पुन्हा सरळ! त्या निर्लज्ज यंत्रानं मला वाचायलाच लावलं.

"मिर्ता फेर्रांदो यांचा निरोप समारंभ. शुक्रवार, सायंकाळी सहा, मोठं सभागृह. रुमाल आणावेत."

मागून बारीक आवाज आला. नोएलिया! "बाई, तुम्हीच म्हणालात, खरं नाव, खरी तारीख. मी नुसती कल्पना करून लिहिलं होतं. पण तुम्ही बारा दिलेत आणि सगळ्यांना पाठवलंत. मला वाटलं, तुम्ही खरंच चाललात. मी तीन रात्री रडले हो."

तेवढ्यात ओलेगारिओंचा चेहरा पांढरा पडला. "बाई, मग तो अर्ज?"

"कुठला अर्ज?"

"निवृत्तीचा. तुम्ही सही केलीत त्यावर. मुख्य कार्यालयात गेला तो."

मी खुर्चीत बसले, आणि सगळ्यांनी केक खायचा की नाही हे न कळून तो खाल्ला.

शनिवार-रविवार मी घरात नुसती फेऱ्या मारत होते. मला कोणी काढलं नव्हतं. मीच मला काढलं होतं, तेही लाल पेनानं दुरुस्त्या करून! रविवारी संध्याकाळी मी एबेरच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडले.

सोमवारी ओलेगारिओ तो कागद नाचवत चौदा नंबरमध्ये आले. कार्यालयातल्या कोणा खडूस कारकुनानं शेरा मारला होता, "सही उलटी असून शीर्षकावर केलेली आहे. अर्ज अग्राह्य." त्या कारकुनाचं भलं होवो! मी ओलेगारिओंना मिठी मारली. नादियानं आणून ठेवलेल्या कुंड्या परत उचलल्या.

त्या दिवशी मी ठरवलं, यापुढे सगळं वाचायचं. सुरुवात घरापासूनच करावी म्हणून जेवायच्या आधी मी ती फ्रेम खाली काढली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ धरली. चार ओळी.

"आमच्या बाई कधीच वाचत नाहीत.
अख्ख्या वर्गाची पैज लागली आहे.
ज्याला हे वाचता येईल
त्यानं बाईंना सांगू नये."

मी वळून बघितलं. एबेर सूप पीत होता.

"तुला माहीत होतं?"

"अकरा वर्षं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगू नये असं लिहिलंय तिथं," एबेर म्हणाला. "घरात एकानं तरी लिहिलेलं वाचायला नको का?"