टाळूची देवभेट

आंघोळ उरकून लिंबाजी देवापुढं आला, तर देव्हारा रिकामा. खंडोबाचा टाक नाही, भवानीचा नाही, घंटी तेवढी आडवी पडलेली. देव गेले त्याची लिंबाजीला तशी चिंता नव्हती. देव कुठंही गेले तरी आपलं आपण बघून घेतात. पण देवांच्या पंगतीला तांब्याच्या वाटीत भिजत ठेवलेली त्याची टाळूही गेली होती.

टाळू कसली, ते सांगितलं पाहिजे. कोरोना गेला आणि जाता जाता लिंबाजीच्या वरच्या जबड्यात काळी बुरशी ठेवून गेला. सोलापूरच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण अर्धा जबडा कापून. तोंडाचं छतच गेलं. चहा प्यावा तर तो नाकातून परत भेटायला यायचा, आणि शब्द निघायचे ते सगळे नाकाच्याच वाटेनं. शेवटी यंदा दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी माप घेऊन प्लेट बनवली. खाली दात, वर सुपारीएवढा गुलाबी गोळा. गोळा भोकात बसला की तोंड तोंडाच्या जागी, नाक नाकाच्या जागी. तिचं इंग्रजी नाव असं अवघड, की टाळू धड असलेल्यांनाही म्हणता येईना. म्हणून घरात सगळे तिला टाळूच म्हणत. आणि कोंबड्यांनी वाटीत चोच घालू नये म्हणून ती रात्री देव्हाऱ्यात.

आता गंमत ऐका. ही बोलायची टाळू घरात आली, त्या दिवसापासून लिंबाजी मुका झाला होता.

त्याचं असं, की दवाखान्यात पडल्या पडल्या त्याला ना भाकरी आठवली, ना तंबाखू. आठवलं बायकोचं नाव. सत्यभामा. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेही मेव्हण्यांनी दार अडवलं म्हणून. पुढं जन्मभर "अगं ए". हे "अगं ए" नाकातूनही निघतं हो, पण सत्यभामा निघत नाही. त्यातलं एकेक अक्षर टाळू मागतं. तोंडात होतं तोवर कधी वापरलं नाही, आणि तोंडच गेल्यावर त्या नावासाठी जीव असा तुटू लागला, की रात्री कुशीवर वळून तो नुसते ओठ हलवून ते म्हणून बघायचा.

टाळू बसली की पहिला शब्द तोच, असं त्यानं ठरवलं. गोठ्यात जाऊन बैलापुढं सराव केला. बैलाला नाव पाठ झालं. पण खुद्द सत्यभामा समोर आली, की लिंबाजीचे कान तापायचे आणि ओठ मिटायचे. पहिला शब्द निघेना, आणि तो निघाल्याबिगर दुसरा काढायचा नाही. झाला मुका.

"अङं?" त्यानं नाकातून सुनेला विचारलं आणि रिकाम्या देव्हाऱ्याकडं हात केला.

"देव व्हय, मामा?" सोनाली चुलीपुढून उठत म्हणाली. "अत्याबाई घेऊन गेल्या की तुळजापूरला, भेटवायला." घरच्या टाकांना वर्षातून एकदा थोरल्या देवीच्या भेटीला न्यायचं, ही त्या घरची रीत, आणि यंदा ती पाळायला सत्यभामा गेली होती.

लिंबाजीनं आ केला आणि आत बोट दाखवलं.

"आत्ता गं बया! टाळू बी गेली?" सोनालीनं कपाळावर हात मारला. "अत्याबाईंना कुठं धड दिसतंय! समदं येकाच फडक्यात बांधलं असंल. फोन करावा तर त्यांचा फोन हितंच चार्जिंगला. मामा, पळा! कुणी देवासंगं कढत पाण्यानं धुतली तर वाकडी हुईल ती!"

लिंबाजीनं तोंडाला पंचा गुंडाळला आणि पळाला. अणदूरच्या स्टँडवर मुनवरची जीप भरत होती.

"काय काका, इतक्या घाईनं?"

लिंबाजीनं हात जोडले, म्हणजे तुळजापूर. पंच्याआड आ केला, म्हणजे टाळू. आणि टाळू वर असते म्हणून वर बोट केलं.

मुनवरचा चेहरा पडला. "या अल्ला! कोण वारलं?"

लिंबाजीनं जोरजोरात मान हलवली. ती दुःखानं हलतेय असं समजून मुनवरनं गाणं बंद केलं, जीप भरायची वाट न बघता काढली, आणि नळदुर्गला हात करणाऱ्या बाईला खिडकीतूनच सांगितलं, "मावशी, मागून या. मयतीची गाडी हाय." घाटात एका प्रवाशाला शिंक आली, तर त्याच्याकडंही त्यानं डोळे वटारून पाहिलं.

देवळापाशी ही गर्दी! लिंबाजीनं पुढच्या बाईला पुन्हा तेच केलं. हात, तोंड, वर बोट. ही बाई म्हणजे कलबुर्गीकडची शांतम्मा, अख्खं गाव घेऊन दर्शनाला आलेली. तिनं लिंबाजीचा पंचा बघितला, कपाळावरचा भंडारा बघितला, आणि ओरडली, "अय्यो, मौनी महाराज हायत! वाट सोडा, वाट!"

लोक बाजूला झाले. एकानं वाकून पाय धरले.

"न्हं! न्हं!" लिंबाजी मागं सरला.

"बगा, नको म्हंत्यात!" शांतम्मा म्हणाली. "खरे महाराज कदी पाया पडू देत न्हाईत."

मग तर झुंबडच उडाली. कुणी लेकरू त्याच्या पायावर घातलं, कुणी गळ्यात हार घातला. आणि त्या हारावरून लिंबाजीला दिसलं, लांब बाहेरच्या वाटेला, सत्यभामाचं हिरवं पातळ. काखेत देवांचं फडकं. दर्शन उरकून ती गर्दीबरोबर वाहत चालली होती. आता गेली, की या यात्रेत कुठली सापडते!

"अङं एं!" तो ओरडला.

तीसएक बायका वळल्या. प्रत्येकीच्या जन्माला एकेक "अगं ए" बांधलेलंच असतं. सत्यभामा तेवढी वळली नाही. आपला नवरा अणदूरात मुका बसलाय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हिरवं पातळ वळणाशी पोचलं. लिंबाजीनं पंचा फेकला. छाती भरून श्वास घेतला.

"हन्न्यंमांमां!"

कळसावरची कबुतरं उडाली. ना त्यात स होता, ना त, ना भ. नाकातून निघालेलं ते एक वेडंविद्रं काहीतरी होतं. पण सत्यभामा जागच्या जागी थांबली. वळली. आणि गर्दी कापत उलट्या वाटेनं आली.

"मला हाक मारली?"

लिंबाजीनं मान डोलावली.

"नाव घेऊन?"

त्यानं पुन्हा मान डोलावली. कान लालबुंद.

"अग्गो!" मागून शांतम्मा म्हणाली. "महाराजांनी मौन सोडलं ते बाईच्या नावानं!" धरलेले पाय लोकांनी भराभर सोडले.

सत्यभामानं फडकं सोडलं. खंडोबा आणि भवानी यांच्या मधोमध टाळू बसली होती, हळदीकुंकू लावून. लिंबाजीनं कपाळावर हात मारला.

"चुकून न्हाय आणली," ती म्हणाली. "मुद्दाम आणली. बसवल्यापास्नं तुमी शबुद काढंना. म्हनलं, डॉक्टरनं भोक बुजवलं, पर टाळूत बोल घालायचा ऱ्हायला. देवीच्या उंबऱ्याला लावली अन् म्हनलं, आई, येक डाव बोलू दे त्यांना. काय बी बोलू दे, शिव्या दिल्या तरी चालंल. घरात लई सुनं वाटतंय." तिनं पदर डोळ्याला लावला. "अन् बाहिर येते तवर तुमी नावच घेतलं की वं."

हाक मारली तेव्हा टाळू आपल्या तोंडात नव्हतीच, हे सांगायला लिंबाजीकडं टाळू नव्हती. त्यानं नळावर ती धुतली, अंगठ्यानं वर दाबली. कट्कन बसली. इतकी वर्षं नाकात भटकणारी अक्षरं आपापल्या जागी येऊन उभी राहिली.

"आता नीट म्हना," सत्यभामा म्हणाली आणि हनुवटी वर करून नव्या नवरीसारखी समोर उभी राहिली. शांतम्माचं गावही थांबलं.

लिंबाजीनं घसा खाकरला. कान तापले.

"अगं ए," तो स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला, "चल, मुनवरची जीप सुटंल."

सत्यभामा हलली नाही. तिनं देवांचं फडकं पुन्हा काखेत मारलं आणि प्रसादाला करावा तसा तळहात पुढं केला.

"काढा," ती म्हणाली. "काढा ती टाळू."