माना तळीच्या मुक्या ठिपक्याची मोहीम

श्रीगजानन प्रसन्न. रायपूर नव्या राज्याची राजधानी जाहली, मुलखोमुलखीची विमाने तेथील माना विमानतळावर उतरू लागली, ते समयी बूढापारा मोहल्ल्याच्या इरावतीबाई, आकाशमार्गाच्या नियंत्रक, यांनी मुका ठिपका कैसा हस्तगत केला, तो मजकूर जैसा घडला तैसा लिहिला असे.

ते दिवशी बाईंची परीक्षा. पाठीमागे खुर्ची टाकून नागपूरचे परीक्षक राजश्री यज्ञेश्वरराव बैसले. ते पास म्हणतील तर बाईंस रडारावर एकटीने बैसण्याची सनद, नाही तर पुन्हा उमेदवारी. मागील खेपेस ऐन वेळी बाईंची जबान अडकली आणि माइक दुसऱ्याचे हाती द्यावा लागला, तो सल काळजात ताजा होता.

रडाराचा सरंजाम ऐसा की, एक थाळी गरगर फिरे, चहूंकडे लहरी धाडी, आणि लहर ज्यावर आपटून माघारी येई त्याचा ठिपका पडद्यावर उमटे. मग विमान असो की पाखरू, तीस भेद नाही. म्हणोन तिचे जोडीस दुसरी थाळी सवाल करी, तू कोण आणि किती उंचीवर. मग विमानातील यंत्र आपला क्रमांक व उंची अदबीने रुजू करी.

ऐसियांत दिल्लीचे थोरले विमान उतरणीस लागले, आणि त्याचे वाटेवर अभनपुराकडे दोन ठिपके उमटले, दोन्ही मुके! त्यांत एक अभिनव नामे शिकाऊ वैमानिकाचे लहान विमान, त्याचे जबाबाचे यंत्र बंद पडलेले. दुसरा कोण, देव जाणे. बाईंनी पुसले, कोठे आहेस? पठ्ठ्या खुशीत वदला, “दीदी, नीचे तालाब दिख रहा है!” अरे बाबा, या मुलखात तलावावाचून गाव आहे कोठे? बाईंनी माइकची कळ धरिली, परंतु दाबवेना.

मागून यज्ञेश्वरराव म्हणाले, “काहून थांबून राहिली, पोरी? बोल ना!”

मग बाईंनी दम धरिला आणि दिल्लीकरास हुकूम केला जे, आहे त्या उंचीवर राहावे, खाली येऊ नये. आणि अभिनवास फर्माविले जे, डावीकडे तीस अंश वळावे, जो ठिपका वळेल तो तूच. “हव दीदी,” ऐसा होकार आला. थाळी फिरली, ठिपके जैसे थे. पुन्हा फिरली, तैसेच. बाईंचा जीव टांगणीस लागला. आणि मग, वाहवा! एक ठिपका सासुरवाडीस आलेल्या नव्या जावयाऐसा निमूट डावीकडे वळला, दुसरा आपल्याच नादात पांगत गेला. वळता वळता अभिनवास शेतावरून उठलेले बगळे दिसले, तेही त्याने रुजू केले. दुसरा ठिपका तो हाच.

मग बाईंनी लहान विमान दूर नेले, बगळ्यांस वाट दिली, आणि थोरल्यास उतरणीचा हुकूम सोडिला. चाके धावपट्टीस टेकली.

यज्ञेश्वररावांनी तारीफ केली नाही. खुर्ची मागे सारून उठले आणि म्हणाले, “मले चहा प्यायचा आहे. तू पाहून राहिली ना इकडं? मग मी येतो जाऊन.” आणि मागे वळून न पाहता चालते जाहले.

इरावतीबाई रडारापुढे प्रथमच एकट्या उरल्या. डोळां पाणी आले, परंतु पुसण्यास फुरसत कोठे? भुवनेश्वराचे विमान हाक देत होते. बाईंनी खणखणीत जबाब दिला. ऐसी फत्ते जाहली, म्हणोन लिहून ठेविली असे.