मुक्तिनाथ रिजाल यांच्या फोटोला माळ

देउराली बाजारातल्या नव्या संग्रहालयात सणावारांचं प्रदर्शन भरलं आणि त्यात मुक्तिनाथ रिजाल वारले.

म्हणजे वारले नाहीत. ते बायकोला घेऊन बुटवलला मोतीबिंदू काढायला गेले होते. जाण्याआधी दसैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या, दालनासाठी त्यांनी आपला भलामोठा फोटो दिला होता. कपाळभर लाल टीका, कानामागे जमरा, म्हणजे जवाचे पिवळे कोंब, आणि आशीर्वादाला उचललेला हात. रिजालांच्या भाऊबंदकीत ते सगळ्यांत थोरले. दसैंला अख्खं कूळ त्यांच्यापुढे रांगेनं वाकायचं आणि ते एकेकाला सावकाश, उपदेशासकट टीका लावायचे. त्या एका दिवसासाठी म्हातारा वर्षभर जगायचा.

संग्रहालयाच्या बबिता श्रेष्ठ यांना तिहारची, म्हणजे दिवाळीची, मखमली फुलांची माळ मांडायची होती. खिळा काही सापडेना. मुक्तिनाथांचा खिळा मात्र भक्कम होता. त्यांनी माळ तिथंच अडकवली. ती फोटोवर अशी झकास बसली की बाई समाधानानं कुलूप लावून सुट्टीवर माहेरी गेल्या.

कुलूप लागण्याच्या जरा आधी मुक्तिनाथांचा पुतण्या खगेश्वर तिथं प्रदर्शन बघून गेला होता. माळ बघून त्यानं तिथूनच काकांना फोन लावला. फोन बंद. म्हातारा-म्हातारीत मिळून फोन एकच, आणि चालू ठेवला की तो झिजतो असं मुक्तिनाथांचं ठाम मत होतं.

खगेश्वरच्या अंगणात भाऊबंद जमले.

"अरे, नुसती माळच ना? चुकून घातली असेल," एक जण म्हणाला.

"संग्रहालय सरकारी आहे," दुसरा म्हणाला. "सरकार उगाच कोणाला माळ घालतंय होय? जिवंतपणी तर नाहीच नाही."

पंडित ऋषिराम बोटांवर काहीतरी मोजत होते. ते म्हणाले, "खगेश्वर, त्यांना मुलगा नाही, तेव्हा क्रियेला तूच बसायचंस. आज बसलास तर टीकेच्या आधी सुतक फिटतं. थांबलास तर अख्ख्या कुळाचा दसैं बुडाला. ना टीका, ना बोकड!"

बोकडाचं नाव निघताच मुक्तिनाथांच्या मरणाबद्दल उरलासुरला संशय फिटला. देह हाती नव्हता म्हणून नदीवर कुशाचा पुतळा जाळला. खगेश्वरनं डोकं, भुवया, मिशा सगळं उतरवलं, पांढरं वस्त्र गुंडाळलं आणि अंगणाच्या कोपऱ्यात पेंढ्यावर बसला. त्याला शिवायची कोणाला मुभा नव्हती.

दोन-तीन दिवसांनी बुटवलची बस आली. काळा चष्मा लावलेले मुक्तिनाथ पत्नी डिल्लीकुमारीसह उतरले आणि वाटेतच पुतण्याचं घर म्हणून आत डोकावले. पेंढ्यावरचा तुळतुळीत माणूस बघून त्यांचा स्वतःच्या नव्या डोळ्यावरचा विश्वासच उडाला. ते हात पसरून धावले.

"खगेश्वर? अरे पोरा, हे काय झालं?"

"शिवू नका! शिवू नका मला!" खगेश्वर भिंतीला चिकटला. "मी क्रियेत आहे!"

"कोणाच्या?"

"तुमच्या!"

मुक्तिनाथ पायरीवर बसले. त्यांनी आधी स्वतःचा हात चिमटून बघितला, मग बायकोचा.

"मला कशाला चिमटताय?" डिल्लीकुमारी ओरडली. "मेलात तुम्ही!"

पंडितांना बोलावणं गेलं. ते आले, मुक्तिनाथांना खालपासून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "अवघड केलंत हो! अग्नी दिलेल्या माणसानं परत यायचं म्हणजे... शास्त्राप्रमाणे तुमचा नव्यानं जन्म व्हायला हवा. बारसं, मग मुंज, मग लग्न."

"लग्न? कोणाशी?"

"यांच्याशीच. यांची हरकत नसेल तर."

सगळ्यांनी डिल्लीकुमारीकडे बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मागच्या खेपेला मला कोणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "आता विचारताय, तर मी विचार करून सांगते."

"बरं, ते राहू दे!" मुक्तिनाथ कासावीस होऊन म्हणाले. "बारसं उरकून घ्या. पण यंदाचा टीका माझ्याच हातचा ना?"

पंडितांनी डोकं खाजवलं. खाली बघत ते म्हणाले, "टीका थोरल्यानं धाकट्याला लावायचा. तुमचं बारसं उद्या. म्हणजे कुळात आता तुमच्याहून धाकटं कोणी नाही."

मुक्तिनाथांच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांनी ते सक्त मना केलं होतं.

टीकेच्या दिवशी थोरलेपणाचा मान डिल्लीकुमारीकडे गेला. ती गादीवर बसली. मुलंबाळं, सुना, नातवंडं, एकेक जण वाकून गेला. रांगेच्या अगदी शेवटी, खगेश्वरच्या दात येत असलेल्या नातीच्याही मागे, काळा चष्मा लावून मुक्तिनाथ उभे होते. त्यांची पाळी आली. गुडघे कुरकुरत ते वाकले. उभ्या जन्मात 'अहो'खेरीज हाक न मारलेल्या बायकोनं त्यांच्या कपाळावर भरघोस टीका थापला, कानामागे जमरा खोवला आणि डोक्यावर हात ठेवला.

"मोठा हो. शहाणा हो. उलट बोलू नकोस."

मुक्तिनाथांनी मान जराशी वर केली आणि हळूच विचारलं, "आणि आपल्या लग्नाचं काय?"

"गप!" डिल्लीकुमारी म्हणाली. "आधी वयात तर ये."