तिसावी मुलगी

मी मूळचा मत्सरी माणूस नाही. (हे ज्याला मुद्दाम लिहून सांगावं लागतं तो मत्सरीच असतो, असं माझी बायको म्हणते. तिचं सोडा.) झालं एवढंच, की जुलैतल्या (आमच्या दक्षिण गोलार्धात तो भर हिवाळा) एका मंगळवारी, बाहेर हाडं गोठवणारी थंडी असताना, मी शेगडीजवळची माझी खुर्ची सोडून कर्स्टीच्या शेजारी सोफ्यावर बसायचं ठरवलं. बस्स. पुढचं सगळं रामायण त्या सोफ्यावरून सुरू झालं.

कर्स्टी म्हणजेच माझी बायको. आमच्या लॉन्सेस्टनमध्ये बायकांच्या आरोग्याचं एक केंद्र आहे, तिथे ती नोकरीला आहे. वर्षभर ती एका अ‍ॅपच्या मागे लागली होती. तरुण मुली काहीतरी खातात आणि मग ते खाल्लेलं त्यांचं मन खात बसतं. मग उपास, मग पुन्हा खाणं, मग पुन्हा रडणं. तर मुलींनी नीट, चांगलंचुंगलं खावं आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये, म्हणून हे अ‍ॅप. नाव 'हॅलो प्लेट'. त्यात वजन विचारायचं नाही, कॅलरी मोजायच्या नाहीत, शहाणपण शिकवायचं नाही. मुलीने ताटाचा फोटो पाठवायचा आणि तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची : काय खाल्लं, कुणाबरोबर खाल्लं, खाताना कसं वाटलं. पलीकडून दोन ओळींचं मायेचं उत्तर येतं.

तर मी शेजारी बसलो आणि पाहतो तर काय, बाईसाहेब फोनकडे बघून हसतायत. असं हसू मी शेवटचं पाहिलं होतं ते आमच्या लग्नाच्या फोटोत.

"कोण आहे?" मी सहज विचारलं. (सहज विचारण्याची मी आधी मनात तीनदा तालीम केली होती.)

"मुली आहेत रे. अ‍ॅपची चाचणी चाललीय ना. उत्तरं लिहितेय."

"उत्तरं यंत्र देतं ना?"

"यंत्र अजून कुठंय! आधी माणसांनी लिहायचं. कुठल्या बोलण्याने मुलींना बरं वाटतं ते कळलं, की मग यंत्राला शिकवायचं. मुलींना तसं सांगितलंय."

"माणसांनी म्हणजे कुणी?"

"मी आणि लॉकी."

इथे मी सोफ्यावर आणखी जवळ सरकलो.

लॉकी म्हणजे लॉकलन. वय एकतीस, दाढी झुबकेदार, कामावर सायकलने जातो, तेही चढावर. दर बुधवारी संध्याकाळी तो स्वतः पीठ आंबवून केलेला पाव आमच्या दारात आणून देतो. कर्स्टी तो पाव छातीशी धरून वास घेते. मी सतरा वर्षं या घरात सरपणाची लाकडं फोडून आणतोय, पण त्यांचा वास कुणी घेतलेला नाही. वर हे ऐकावं लागतं : "नेव, लॉकी माणसाचं किती छान ऐकून घेतो रे!" ऐकून घ्यायला काय लागतं? कान लागतात. मलाही दोन आहेत.

मी मान तिरकी करून तिच्या फोनमध्ये डोकावलो. कुण्या मुलीने मैत्रिणीच्या वाढदिवसाला केकचे तीन तुकडे खाल्ले होते आणि आता तिला स्वतःची लाज वाटत होती. कर्स्टीने लिहिलं होतं, 'अगं, वाढदिवसाचा केक वाढदिवसालाच खायचा असतो. मला आधी सांग, चव कशी होती?'

चव कशी होती! माझ्या सासूच्या वाढदिवसाला मी केकचा दुसरा (तिसरा नाही, दुसरा) तुकडा उचलला तेव्हा हीच बाई टेबलाच्या पलीकडून फक्त "नेव" म्हणाली होती. माझ्या नावात अक्षरं दोनच, पण त्यांत ती कोलेस्टेरॉल, डॉक्टर, माझे वडील आणि त्यांचं हृदय असं अख्खं भाषण बसवते. मी तुकडा परत ठेवला होता. क्रीम बोटाला लागलं होतं, ते चाटायचीही हिंमत झाली नाही.

"एकोणतीस मुली मिळाल्या," कर्स्टी सुस्कारा टाकून म्हणाली. "तीस हव्यात. एक काही सापडत नाहीये."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सापडली. नाव टेगन, वय बावीस, कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्या दुकानात कामाला. मी नगरपालिकेत कुत्र्यांच्या नोंदणीच्या खिडकीवर बसतो, आणि खोटं बोलायचं तर आपल्या विषयातलं बोलावं या मताचा मी आहे.

आता मी दुपारी काय खातो ते सांगायला हवं. ऑफिसमागच्या आवारात गाडी लावून, काचा वर करून, मी रोज एक स्कॅलपची (म्हणजे समुद्रातल्या शिंपल्यांची) पाई खातो. करी घातलेल्या पिवळ्या रश्श्यात मऊ मऊ स्कॅलप, वर खुसखुशीत पापुद्रा. घरी गेलो की कर्स्टी विचारते, "दुपारी काय खाल्लंस?" मी म्हणतो, "सॅलड." डॉक्टरांनी दम दिल्यापासून तीन वर्षं मी सॅलड खातोय. एवढं सॅलड खाऊन माणसाला शिंगं फुटली असती.

टेगनच्या नावाने मी पहिला फोटो काढला आणि पंचाईत झाली. पाईबरोबर माझा अंगठाही आला होता. माझा अंगठा बावीस वर्षांच्या मुलीचा वाटत नाही. तो बावीस वर्षांच्या बैलाचाही वाटत नाही, त्यापेक्षा थोराड वाटतो. तो फोटो रद्द केला, त्या दिवशी काहीच पाठवलं नाही, आणि घरी गेल्यावर कर्स्टीच्या खणातली नेलपॉलिशची बाटली ढापली. गुलाबी. अंगठ्यावरचे केस माझ्या दाढीच्या वस्तऱ्याने उतरवले आणि दिवसभर अंगठा मुठीत दाबून खिडकीवर बसलो.

"नेव, अंगठ्याला काय झालं रे?" शेजारच्या खिडकीवरच्या डोरीनने विचारलंच.

"दारात सापडला."

"आणि गुलाबी सुजला?"

मी हात टेबलाखाली घातला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नेलपॉलिश काढायची बाटली आणि कापूस ठेवलेला होता. चांगली बाई आहे.

पण उत्तरं! काय सांगू! पहिल्या फोटोखाली मी लिहिलं होतं, 'स्कॅलपची पाई. गाडीत, काचा वर करून. एकटीच. चोरून खाल्ल्यासारखं वाटलं.' उत्तर आलं, 'टेगन, गरम पाई थंडीत खाल्लीस हे उत्तम केलंस. पण काच वर का गं? उद्या बाकावर बसून खाऊन बघ. पाईलाही जरा हवा लागू दे.'

माझे डोळे भरून आले. (करीचा तिखटपणा असेल.) मी बाकावर बसलो. खरंच बरं वाटलं. चार दिवसांनी उत्तर आलं, 'आज नुसत्या पाईने पोट भरलं का? सोबत गरम सूप असतं तर?' मी सूप घेतलं. भोपळ्याचं. मग एक दिवस अर्ध्या पाईतच पोट भरलं, आणि मी उरलेली अर्धी कागदात गुंडाळून ठेवली. माझ्या आयुष्यात पाई उरली! हे मला जगाला ओरडून सांगायचं होतं, पण सांगणार कुणाला? घरी तर मी सॅलडवर होतो.

आणि इथेच माझा जळफळाट सुरू झाला. कारण कर्स्टी, माझी कर्स्टी, त्या टेगनशी इतकी गोड बोलत होती! 'टेगन, तुझं लिहिणं वाचलं की माझा दिवस छान जातो.' टेगन, तू अशी, टेगन, तू तशी. आणि संध्याकाळी घरी मला काय? "नेव, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवलास का?" मला त्या कार्टीचा राग यायला लागला. बावीस वर्षांची, कुत्र्यांना साबण लावणारी, आणि माझ्या बायकोला तिची सुखदुःखं ऐकायला वेळ आहे! ती मुलगी म्हणजे मीच, हे मी अनेकदा स्वतःला बजावलं. त्याने राग दुप्पट झाला, कारण मग तो काढायचा कुणावर?

शेवटी एका दुपारी टेगनने मन मोकळं केलं. 'माझ्या घरी एक दाढीवाला येतो,' मी लिहिलं. 'पाव घेऊन येतो. घरातलं माझं जवळचं माणूस त्याच्यावर लट्टू आहे. त्याचा पाव मी तोंडात घालत नाही. घातला तर गिळवत नाही.'

या वेळी उत्तर यायला तासभर लागला. मग आलं, 'टेगन, हे कठीण आहे. त्या माणसाला बहुतेक याची कल्पनाही नसेल. पाव मात्र बिचारा निरपराध आहे. लोणी लावून खाऊन बघ. आणि तुझ्या जवळच्या माणसाला एकदा खरं सांगून टाक. तुझ्यासारखी टेगन ज्या घरात आहे ते घर नशीबवान आहे.'

झालं! डोक्यात तिडीक गेली. लॉकीची बाजू घेते? आणि टेगन घरात असणं म्हणे नशीब! सतरा वर्षांत मला कुणी नशीब म्हटलं नाही! संध्याकाळी मी तडक स्वयंपाकघरात गेलो. कर्स्टी बटाटे सोलत होती.

"टेगन एवढी आवडते तर आण तिला घरी राहायला!" मी ओरडलो. "तिला लिहितेस, तुझ्यामुळे माझा दिवस छान जातो! तिला सूप! तिला हवा! आणि मला काय, तर कचऱ्याचा डबा!"

कर्स्टीने सोलणं खाली ठेवलं.

"टेगनला काय लिहिलं जातं, ते तुला कसं कळलं रे?"

खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खरं आहे. मी अंगठा मुठीत लपवला. रंग तर कधीच काढला होता, तरी लपवला.

"नेव," ती म्हणाली, पण या वेळी त्यात भाषण नव्हतं, "पहिल्या फोटोतच कळलं मला. पाईच्या मागे तुझा कप होता. 'तुमच्या कुत्र्याची नोंदणी झाली का?' असं लिहिलेला. तसे कप या शहरात दोनच आहेत. एक तुझा, एक डोरीनचा. आणि डोरीन मासे-बिसे खात नाही."

आठवडाभर मी अंगठा सजवत होतो आणि मागे कप मिरवत होता.

"मग सांगितलं का नाहीस? चाचणी बिघडली असती ना तुमची!"

"कसली बिघडतेय! तुला मोजलंच नाही. तिसावी मुलगी दोन दिवसांनी मिळाली, खरीखुरी. तू एकतिसावा. हिशेबाबाहेरचा."

"आणि तरी इतकं गोड लिहीत होतीस?"

कर्स्टीचे डोळे जरा ओले झाले. कांदा तर ती चिरत नव्हती.

"तुला मी रोज विचारते, दुपारी काय खाल्लंस. तीन वर्षं तू सॅलड म्हणतोस. शर्टाला करीचे डाग घेऊन येतोस आणि सॅलड म्हणतोस. मला वाटायचं, हा माझ्याशी आता खरं बोलणारच नाही. तू माझ्या ओरडण्याला घाबरतोस आणि मी तुझ्या हृदयाला घाबरते. टेगन निदान खरं तरी बोलते. म्हटलं, बोलू दे तिला."

मी खुर्चीत बसलो. मला खरंच वाईट वाटलं. तिचा ओला हात धरून मी तीन वर्षांच्या सगळ्या पायांचा (म्हणजे पाई या पदार्थाच्या अनेकवचनाचा) कबुलीजबाब दिला. बाकावर बसतो ते सांगितलं. भोपळ्याचं सूप सांगितलं. उरलेली अर्धी पाई सांगितली तेव्हा ती इतकी हसली की बटाटा जमिनीवर पडला.

"पण तू लिहायचीस ते फार छान होतं," मी म्हणालो. "पाईलाही जरा हवा लागू दे! कुठून सुचतं तुला?"

"मला नाही सुचलं. कप दिसल्यावर मला हसूच आवरेना. आणि नवऱ्याशी बोलायला मी अ‍ॅपमागे का बसू? तुला उत्तरं लिहायचं काम मी लॉकीकडे दिलं."

"लॉकीकडे?"

"पहिल्या पाईपासून शेवटच्या पावापर्यंत. तू कोण आहेस ते त्याला मी सांगितलं होतं. आज दुपारी बिचारा तासभर दाढी खाजवत बसला होता. म्हणाला, याला आता काय लिहू?"

तेवढ्यात बेल वाजली. बुधवार होता. दारात लॉकी उभा, काखेत पाव, कान लाल झालेले.

"काय राव," तो सायकलच्या हँडलकडे बघत म्हणाला, "आज सूप कुठलं घेतलं?"

"डाळीचं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

रात्रीच्या जेवणाला मी लॉकीचा पाव लोणी लावून खाल्ला. चार तुकडे. कर्स्टी काही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ऑफिसमागच्या बाकावर आली आणि आम्ही एकच पाई दोघांत खाल्ली. ऊन पडलं होतं. तिने आपलं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं आणि विचारलं, "कसं वाटलं खाताना?"

"फार छान," मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं. तरी माझा हात दोनदा खिशातल्या फोनकडे गेला. टेगनचं खातं सकाळीच बंद झालं होतं.

"कर्स्टी," मी जरा वेळाने म्हणालो, "एक विचारू?"

"विचार ना."

"लॉकी त्या बाकीच्या तीस जणींनाही असंच गोड लिहितो का गं?"

"नेव," ती म्हणाली.