मालक कुठं आहेत?

"या खेपेले प्रमाणपत्र घेतल्याबिगर मी दिग्रसचं पाणी पिणार नाही!" वैष्णवीनं सकाळीच जाहीर केलं आणि लगेच तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. संतापली की तिला तहान फार लागे.

संताप यावा असंच घडलं होतं. तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची, गोपालची, मालवाहू पिकअप नेरजवळ उलटली. त्याचा पाय मोडला. घर चालवायला वैष्णवीनं स्टेअरिंग धरलं ते धरलंच! गाडी आता तिच्या नावावर, गिऱ्हाईक तिचं, टायर बदलणार तीच! गोपालचा पाय बरा झाला, पण स्टेअरिंग दिसलं की त्याला घाम फुटे. घरच्या ओसरीतल्या मोबाईलच्या दुकानात तो सुखी होता. आता अंगणवाड्यांना पोषण आहार पोचवायचा सरकारी ठेका निघाला होता, आणि 'वंचित महिला उद्योजक' असं प्रमाणपत्र असलेल्यांना त्यात राखीव वाटा होता.

पहिल्या तपासणीला आलेल्या साहेबांनी दारातच विचारलं, "मालक कुठं आहेत?"

"मीच मालक."

"तसं नाही हो बाई. मालक, मालक!"

तेवढ्यात गोपाल आला. अन् गोपालला कोणी प्रश्न विचारणं म्हणजे पोळ्याचं तोरण तुटणं! बैल उधळलाच! टायरपासून डिझेलपर्यंत त्यानं सगळं सांगून टाकलं, तेही निम्मं चुकीचं! साहेबांनी शेरा मारला, 'धंदा नवऱ्याचा, बायको नावापुरती.' अर्ज नामंजूर!

"म्हणून सांगून राह्यली," वैष्णवीनं गोपालपुढं बोट नाचवलं, "आज तोंडातून एक अक्षर काढाल तं मी गाडी घेऊन माहेरी जाईन! कोणी बोला म्हटलं तरी बोलायचं नाही. मी म्हटलं तरी नाही!"

"पण काहून..."

"हे पाहा! झाले सुरू!"

गोपालनं ओठ मिटले.

या खेपेला तपासणीला आल्या त्या नव्या अधिकारी मंजुषा मॅडम, लांबून बदलून आलेल्या आणि भलत्याच कनवाळू. सोबत फाईल सांभाळणारे एक बाबू. मॅडमनी गोपालला नाव विचारलं. गोपालनं छताकडं पाहिलं. दुकान कसं चाललंय, विचारलं. गोपालनं वैष्णवीकडं बोट दाखवलं. मॅडमचा चेहरा एकदम हळवा झाला.

"हे... कधीपासून?" त्यांनी वैष्णवीला हलक्या आवाजात विचारलं.

वैष्णवीला वाटलं, धंद्याचं विचारताहेत. "तीन वर्षं झाली, मॅडम. याईचा ॲक्सिडेंट झाला, तवापासून."

"अरेरे! काही इलाज?"

"इलाजच नव्हता! घर तं चालवा लागते ना!"

"फार जड जात असेल हो."

"छे! आता तं मजा येते!"

मॅडम दचकल्या. मग डोळे टिपून बाबूंना म्हणाल्या, "लिहा. पती मुके. कुटुंब अत्यंत वंचित. मंजुरीची शिफारस."

"कोण मुकं?" वैष्णवी ताडकन उठली.

गप्प बसली असती तर काम फत्ते होतं. पण तिच्या अंगाची लाही लाही झाली! "मागच्या खेपेले नवरा बोलला म्हणून नापास, अन् आता नवरा बोलत नाही म्हणून पास? मी तीन वर्षं उन्हातान्हात गाडी हाकून राह्यली, ते कुठंच लिहायचं नाही? मुका-गिका काही नाही हा! अवो, बोला ना!"

गोपालनं नकारार्थी मान हलवली.

"बोला म्हणते ना!"

गोपालनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. यात काहीतरी डाव आहे, हे तो पक्कं ओळखून होता!

"ताई, त्यांच्यावर जबरदस्ती नका करू," मॅडम कळवळल्या.

झालं! वैष्णवीनं मॅडमचा हात धरून त्यांना पिकअपच्या केबिनमध्ये बसवलं, बाबूंना मागं भरलेल्या कापसाच्या बोऱ्यांवर चढवलं आणि गाडी काढली. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या अरुंद गल्लीत समोरून ट्रक आला. ट्रकवाला खिडकीतून ओरडला, "बाई, गाडी मागं घ्याले कोणी माणूस असन तं बलाव!"

माणूस?

वैष्णवीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, रिव्हर्स टाकला आणि अख्खी गल्ली उलटी पार केली! दोन्ही भिंतींना बोटभर जागा, पण एक ओरखडा नाही! मॅडम डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या. बाबू उतरले तेव्हा कापसाच्या वातीसारखे दिसत होते.

"तो मुकेपणाचा शेरा खोडा!" घरी येताच मॅडम म्हणाल्या. "धंदा यांचाच. मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे, डोळे उघडे होते तेवढ्यात पाहिलं. मंजूर!"

वैष्णवीची छाती फुगली. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिचं काम कागदावर लिहिलं होतं! बाबूंनी अर्जावरचा कापूस फुंकला, पेनचं टोपण काढलं, आणि "मालकांनी इथं सही करा," म्हणत दोन्ही सवयीनं पुढं केलं. गोपालपुढं!

सकाळपासून अक्षर न काढलेला गोपाल घसा खाकरून म्हणाला,

"कुठं करू?"