सॅम्युअलकाकांच्या बंदुकीचा अभ्रा

कॅनडातल्या वॉनमधले आमचे शेजारी सॅम्युअल नवगावकर दुकानातून आणलेली कोणतीही वस्तू आहे तशी वापरत नाहीत. त्यांच्या बर्फाच्या फावड्याला सायकलचं हँडल आहे, घंटीसकट. कचऱ्याच्या डब्याला ब्रेक आहेत. कारण विचारलं तर एकच उत्तर: "कंपनीला काय कळतं?"

काका मूळचे अलिबागकडचे, मराठी ज्यू. मशीन शॉपमधून रिटायर झालेले. बेसमेंटमधल्या पोलादी कपाटात त्यांची लायसन्सची शॉटगन असे. पूर्वी ते ग्वेल्फजवळच्या क्लबात हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या टिपायला जात. बंदुकीच्या धक्क्याने खांदा दुखायचा, म्हणून त्यांच्या पत्नीने, फ्लोराकाकूंनी, बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर कापूस घालून अभ्रा शिवला. वर लाल दोऱ्याने भरलं: 'आधी चहा विचारा'.

त्याला कारण होतं. पाहुणा आला की काका त्याला थेट बेसमेंटमध्ये नेऊन नवीन करामत दाखवत. चहा काकूच आणत. "रोज पुसता अशी घरात ही एकच वस्तू," काकू म्हणत. "निदान तिच्यावर वाचाल."

काकू गेल्यानंतरही ते रोज पुसत होते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या रस्त्यावरून दोन गाड्या चोरीला गेल्या. काकांनी जाहीर केलं, बंदुकीचा चाप हलका करणार, नळीवर टॉर्च बसवणार. मी त्यांना समोरच्या अनुजाकडे नेलं. ती क्रिमिनल लॉयर, वाढली इथेच, एटोबिकोत.

"काका, लिसन. घरात कोणी शिरलं म्हणून लगेच गोळी घालता येत नाही. कोर्ट विचारणार, दुसरा मार्ग नव्हता का? त्यात बंदूक मॉडिफाय केलेली. क्राउनचा, म्हणजे सरकारी वकील म्हणणार, हा माणूस आधीपासून तयारीत होता. चाप हलका का केला? काय सांगाल?"

"कंपनीला काय कळतं."

"हे ज्युरीसमोर प्लीज बोलू नका. आत्ता तिच्यावर काही लावलंय?"

काकांनी फोनवर फोटो दाखवला. अनुजाला मराठी वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. तिने कपाळावर हात मारला.

"म्हणजे चोरावर बंदूक रोखणार, आणि वर लिहिलेलं चहाचं? कोर्टात ट्रान्सलेटर हे मोठ्याने वाचेल. क्राउन म्हणेल, चेष्टा करून मारलं!"

"ते फ्लोराने लिहिलंय. मारायला नाही लिहिलं."

"आय नो, काका. ज्युरी डझन्ट. ते काढा, नाहीतर बंदूक ठेवू नका."

अडचण अशी की अभ्रा काकूंनी दस्त्यावरच शिवला होता. टाके कापल्याशिवाय तो निघणार नव्हता. टॉर्चचा विषय काकांनी पुन्हा काढला नाही. आठवडाभर त्यांच्या बेसमेंटमधून यंत्राचा आवाजही आला नाही.

मग त्यांनी स्वतःच फोन करून पोलिसांना बोलावलं. बंदूक जमा करायची आहे, म्हणाले. मी तेव्हा तिथेच होतो. काकांनी टेबलावर नळी आणि चाप ठेवला. पोलिसाने टेबलाखाली वाकून पाहिलं.

"सर, व्हेअर इज द रेस्ट ऑफ इट?"

"कस्टम पार्ट," काका म्हणाले. "माय वाईफ्स."

पोलिसाने पावती लिहिली आणि तो गेला.

पुढच्या शुक्रवारी मी गेलो, तेव्हा काकांनी मला सवयीने खाली नेलं. कपाटाची दोन्ही कुलपं उघडली. आत फक्त दस्ता होता, अभ्र्यासकट, पुसून ठेवलेला. काकांनी त्याच्यावरचं वाचलं. अक्षरं पाठ असूनही वेळ लावला.

"सामंत," ते म्हणाले, "चहा घेणार?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी हो म्हटलं.

किचनमध्ये चहापावडरीचा डबा त्यांना सापडेना. तीन कपाटं उघडली. काकूंची किटली मात्र समोरच होती, साधी, झाकणाला चीर गेलेली. तिला त्यांनी घंटी, ब्रेक, काहीच लावलेलं नव्हतं.